तांब्याची नळी

शांतिनाथ सर बोरगावच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. लहानपणी त्यांच्या लेकीला, त्रिशलाला एकच खेळ लागायचा. तांब्याची नळी उभी धरायची आणि वरून तीत चुंबक सोडायचा. तो स्वप्नातल्यासारखा तरंगत, सावकाश खाली यायचा.

"आप्पा, तांब्याला चुंबक चिकटत न्हाय. मग ह्यो हळू का पडतोय?"

"तो निघाला की नळीत वीज जागी होती, बाळ. तिला त्याला अडवता येत न्हाय. पण सहज जाऊ बी देत न्हाय."

पुढं त्रिशलानं दीक्षा घेतली, आर्यिका म्हणजे जैन साध्वी झाली. आता आईबापानंही तिला शिवायचं नाही, नावानं हाक मारायची नाही.

वर्षभरानं आर्यिकांचा संघ सकाळच्या धुक्यातून गावात आला. पांढऱ्या साड्या जमिनीला न टेकता आल्यासारख्या दिसत होत्या. सर आणि त्यांची बायको राजमती दारात हात जोडून उभे राहिले.

"वंदामि, माताजी."

त्रिशलानं मान वर केली नाही. ती थांबलीही नाही. फक्त दारासमोर तिची पावलं मंदावली.

"अवं, पाय दुखत असत्याल पोरीचं," राजमती पुटपुटली.

"न्हाय गं," आप्पा म्हणाले. "नळीतनं चाललीया ती."