आठ कोपऱ्यांचं टेबल

गणपतीला माझे दोन्ही मुलगे पनवेलहून पोलादपूरला येतात. आरती झाली, मोदक पोटात गेले, की आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरच्या हॉटेलात पत्ते खेळायला पळतात. "आई, पोकर चटईवर होत नाय गो, त्याला टेबल लागतं," असं थोरला अवधूत मलाच शिकवतो. मी म्हटलं, टेबल लागतं ना? मग घरातच करते, बघू कसे जाताय!

यंदा ह्यांना कामाला लावलं. माझा पलंग मोडून त्याच्या फणसाच्या फळ्यांचं ह्यांनी आठ कोपऱ्यांचं टेबल जोडलं. वर फोम घालून हिरवी मखमल ताणून बसवली. महाडचा गनी रिक्षाच्या सीटा शिवतो, त्याच्याकडून कडेला रेक्झिनची गादी ठोकून घेतली. पेले ठेवायला भोकंसुद्धा पाडली. "पेल्यात चहाच दिसला पाहिजे," हे मी आधीच बजावलं होतं.

पोरं खूश झाली. गौरी जाईपर्यंत एकानंही घाटाकडं तोंड केलं नाय. सुना हसत होत्या, नातवंडं टेबलाखाली लोळत होती. मी शेजारणीला मुद्दाम बोलावून दाखवलं, "बघ गो, घर कसं भरलंय माझं!"

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी धाकट्या निषादनं ते टेबल गाडीच्या टपावर दोरीनं आवळलं आणि माझ्या पाया पडला.



"आई, पुढल्या वर्षापासून गणपतीही पनवेललाच बसवू, म्हणजे आम्हाला इथवर यायला नको."