शून्याचा अंगठा

"शून्याखाली कुणी असतं का गं?" हेमांगीताई हसल्या. काचपट्टी पुसून त्यांनी कालच डोंगरातल्या गावाहून कामाला आलेल्या रेवाला पुन्हा अंगठा टेकवायला सांगितला. घामावरून विषाची मात्रा आणि तिचा शरीरावरचा परिणाम मोजणाऱ्या सॉफ्टवेअरने तिची रेघ पुन्हा शून्याखालीच काढली.

कीटकनाशकांच्या त्या कारखान्यात रोज सकाळी सॉफ्टवेअरला आधी एक निर्विष माणूस दाखवावा लागे, म्हणजे शून्य कुठे ते त्याला कळे. अकरा वर्षं तो मान ताईंच्या अंगठ्याचा होता. बाकी सगळ्यांचं विष तिथून मोजलं जाई आणि आजवर एकालाही बाधा निघाली नव्हती. ताईंना त्याचा केवढा अभिमान!

"ताई, तुमचं शून्य कुणी तपासलं होतं?" रेवाने सहज विचारलं.

ताईंचं हसू मावळलं. त्यांनी रेवाला शून्य ठरवलं आणि स्वतःचा अंगठा काचेवर टेकवला. रेघ चढू लागली. धोक्याची खूण मागे पडली, तरी ती थांबेना.

दाराबाहेर पहिल्या पाळीचे कामगार पँटला अंगठे पुसत रांगेत उभे होते.

"उरका की ताई," कुणीतरी हाक दिली, "आमचं शून्यच यायचंय!"