कॅबिनेटमागचा डाग

पंखे फिरतच नव्हते. शमिकाने कॉम्प्युटरच्या कॅबिनेटची बाजूची काच उतरवून भिंतीला टेकवली होती आणि मोबाइलच्या उजेडात ती ग्राफिक्स कार्ड न्याहाळत होती. मशीन सुरू होतं, आतले दिवे लागले होते, पण कार्डाचे तिन्ही पंखे जागच्या जागी.

"खराब झालं असेल," किसन दारातून म्हणाला. "ऑगस्टपासून बंदच पडलंय, बेटा. नको असेल तर रहने दे."

"नहीं नहीं, काकाजी, हे नॉर्मल आहे. कार्ड थंड असलं ना, की पंखे फिरतच नाहीत. लोड पडू द्या, गरम होऊ द्या, मग बघा."

किसनने मान हलवली. त्याला बरंही वाटलं नाही आणि वाईटही वाटलं नाही. ऑगस्टमध्ये मानपूर गावाच्या पुढे एका ट्रकने त्याच्या एकुलत्या एका मुलाला, प्रशिकला, मोटरसायकलसकट उडवलं, तेव्हापासून त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं.

कार्ड प्रशिकने गेम खेळायला हौसेने आणलं होतं. किसनचं त्या कार्डाशी कधी पटलं नाही. गेम सुरू झाला की खोली तापायची, घरघर थेट बैठकीत यायची आणि टेलिफोन खात्यातून रिटायर झालेला किसन तिथूनच ओरडायचा, "बंद कर तो हीटर!" मग त्याची बायको दुर्गा स्वयंपाकघरातून हमखास मुलाची बाजू घ्यायची. "असू द्या ना हो. खेळू द्या अजून थोडा वेळ." आईच्या लाडानेच पोरगा बिघडतोय, हे किसनचं ठाम मत होतं आणि येईल त्या पाहुण्याला तो ते ऐकवायचा.

आता ऐकवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. दुर्गा त्या दिवशीही रडली नव्हती आणि नंतरही नाही. प्रशिकच्या या खोलीत तर तिने पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं. ती स्वयंपाक करायची, वाढायची, टीव्हीसमोर बसायची. टीव्हीवर काय चाललंय ते तिला सांगता आलं नसतं. थंडी सुरू झाल्यावर किसनने एकदा विचारलं होतं, "आजकाल दही नीट का नाही लागत?" ती म्हणाली, "थंडी आहे." दुसऱ्या दिवसापासून दुकानातलं पॅकेट येऊ लागलं. यापलीकडे दोघांत बोलणं होत नव्हतं. ही बंद खोलीच तिच्या छातीवर बसली आहे, असं किसनला वाटू लागलं. ती रिकामी केली तर कदाचित बाई रडेल, बोलेल. म्हणून त्याने मशीन विकायला काढलं.

शमिका पलासियाच्या एका क्लासमध्ये ॲनिमेशन शिकवायची. तिला घरी कामाला असंच कार्ड हवं होतं, पण पारखल्याशिवाय घेणाऱ्यांतली ती नव्हती. तिने प्रशिकच्याच मशीनवरचा एक भारी गेम उघडला आणि सगळी सेटिंग वरच्या टोकाला नेली. पडद्यावर एक शिपाई बर्फातून पळू लागला. कोपऱ्यातला तापमानाचा आकडा चढत गेला, आणि तिन्ही पंखे एकदम फिरायला लागले.

तीच घरघर. 'बंद कर तो हीटर' किसनच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं.

शमिका आकड्याकडे बघत बसली. तो एका जागी येऊन थांबला. मग तिने कॅबिनेटच्या मागे तळहात धरला.

"क्या बात है, काकाजी! कूलिंग एकदम झकास आहे. सगळी हीट मागून बाहेर फेकतंय." तिने वाकून पाहिलं. "पण इथे टेबलावर काय ठेवायचे तुम्ही?"

कॅबिनेटच्या मागे, बरोबर त्या हवेच्या तोंडाशी, सनमायकावर एक गोल, फिकट डाग होता. किसनने तो आज पहिल्यांदा पाहिला.

"काही माहीत नाही बुवा," तो म्हणाला.

पावलं वाजली. दुर्गा आत आली. पदराने धरलेलं एक झाकणाचं पातेलं तिच्या हातात होतं. तिने कोणाकडेच पाहिलं नाही. सवयीच्या वाटेने ती टेबलाला वळसा घालून मागे गेली आणि पातेलं त्या डागावर ठेवलं. ते अगदी नेमकं बसलं.

"थंडीत मी दही इथेच लावायची," ती म्हणाली. "त्याचा गेम चालू असला की मस्त जमायचं. गरम हवा येते ना."

किसनला तिचे जुने शब्द आठवले. खेळू द्या अजून थोडा वेळ. बाई इतकी वर्षं नुसते लाडच करत नव्हती.

"आवाज आला," दुर्गा म्हणाली, "तर हातांनी आपसूकच दूध कोमट करून विरजण लावलं. मला वाटलं..." टेबलाची कड धरून ती रडू लागली, मोठ्याने, ऑगस्टपासूनचं सगळं.

पडद्यावरचा शिपाई बर्फात उभा होता. शमिकाने दबक्या आवाजात विचारलं, "काकाजी, टेस्ट झाली. बंद करू?"

"नको." किसन पुढे झाला. "हे असंच गरम ठेवायचं तर काय करावं लागेल?"

शमिकाने एकदा कार्डाकडे पाहिलं, एकदा पातेल्याकडे. आणि माऊसवरचा हात काढून घेतला.

"खेळत राहावं लागेल, काकाजी."

किसन प्रशिकच्या खुर्चीत बसला.

"मग मला शिकव," तो म्हणाला. "दही लागेपर्यंत."