हिरवं लुगडं

"लुगडं नेसून पळशीन?" गुणवंतराव पाटलांनी विचारलं आणि पारावरची माणसं हसली.

"हाव," लटारू म्हणाला. "लुगडं नेसूनच पळतो."

निवडणूक झाल्यापासून पाटलांना गाव सुधारायचं होतं. भाऊबीजेनंतरच्या मंडईच्या जत्रेला दरसाल दंडार, म्हणजे नाचगाण्याचा खेळ, होई आणि तिच्यात बाईचं काम लटारू करी. यंदा पाटलांनी दंडार बंद केली. मिशा फुटलेल्या गड्यांनी लुगडं नेसून नाचावं, हे म्हणे गावाला शोभत नाही. त्याऐवजी मोठी शर्यत ठेवली, नागपुरात होते तशी. गावातून निघायचं, नाला ओलांडून जंगलातल्या नाक्याला हात लावायचा आणि परत यायचं. जाऊन-येऊन चार कोस. एवढ्या लांबची शर्यत गावानं पाहिलीच नव्हती. पाटलांचा बापूजी नागपूरच्या कॉलेजातून त्यासाठी कॅनव्हासचे बूट घेऊन आला होता.

"लुगड्यानं शर्यत जिंकली तं दंडार काय, मी सोता मंडप टाकतो," पाटील म्हणाले. "आन् हरलं तं?"

"तं इथीच, पारावर, लुगडं जाळतो. पुन्हा तोंडाले रंग लावत नाई."

लटारूचा बाप दंडारीत उभा राहायचा, आजाही.

दुसऱ्या दिवसापासून तो पहाटे धानाच्या बांधीच्या धुऱ्यावरून पळू लागला. दिवाळीला पोंभुर्ण्याहून माहेरी आलेली त्याची थोरली बहीण रंभा मागून ओरडे, "पाय उचल ना. बैल हायेस का?" मागून म्हणजे फार मागून नव्हे.

भाऊबीजेला रंभानं ओवाळलं. लटारूनं ताटात हिरवं लुगडं ठेवलं, लाल काठाचं.

"हेच नेसून पळशीन का?" तिनं विचारलं.

"तुह्यी ओवाळणी मी कशी नेसू?"

"नेस. पण हरला तं मी याले हात लावणार नाई. सासरी काय सांगू, भाऊ लुगडं जाळून बसला म्हून?"

त्या संध्याकाळी लटारू शेवटचं पळून आला आणि गुणाबाईनं, त्यांच्या आईनं, चुलीवर हळद गरम करायला ठेवली. दार लावून तिघं बराच वेळ बोलत होती. रंभाचं तान्हं पोर, पोचू, मध्येच रडे आणि मध्येच गप्प होई.

मंडईच्या सकाळी पारापुढं माणूस मावेना. नऊ गडी धोतराचे काचे मारून उभे होते. दहावं हिरवं लुगडं. काष्टा घट्ट, नाकात नथ, तोंडाला रंग, डोक्यावरचा पदर कमरेला खोचलेला.

"बहिणीची ओवाळणी परत घेतली का बे लटाऱ्या?" ढोलकीवाल्या मुखरूनं विचारलं.

तोंडाला रंग लागला की दंडारीचा गण होईस्तोवर बोलायचं नाही, हा जुना नेम होता.

"अजून टाइम आहे," पाटील म्हणाले. "हार मान, लुगडं जाळायची बी गरज नाई."

रंगवलेली मान हलली. नाही.

"रंभा कुठी आहे?" कोणीतरी गुणाबाईला विचारलं.

"घरी. पाय मुरगळला तिचा. हळद लावून बसली," गुणाबाई म्हणाली आणि नातवाला घेऊन नाल्याकडं जाणाऱ्या रेंगीत चढली. अर्ध्या गावानं तिकडंच बैल जुंपले होते.

पाटलांनी रुमाल खाली टाकला. नाल्यापर्यंत आठ गडी मागं पडले. पुढं बापूजीचे बूट, त्यांच्या बाजूला अनवाणी हिरवं लुगडं. नाक्याला हात लावून ते दोघंच आधी परतले, आणि लुगडं पुढं होतं.

नाल्याकाठच्या आंब्याखाली गुणाबाई उभी होती. पोचू रडून लाल झाला होता.

हिरवं लुगडं थबकलं. बापूजी बाजूनं निघून गेला तरी ते आंब्याखाली बसलं आणि पोराला पदराआड घेतलं. पोर गप्प झालं.

लोकांना हसू आवरेना. "पाहा, पाहा, नाच्या दूध पाजून राह्यला!" मुखरू तर पोट धरून खालीच बसला. शर्यत जाते आहे आणि याला सोंग सुचतंय, मानलं पाहिजे गड्याला.

गुणाबाई हसली नाही. तिनं पोर परत घेतलं आणि म्हणाली, "जा आता."

लुगडं उठलं आणि असं सुटलं की हसणाऱ्यांची तोंडं तशीच उघडी राहिली. नाल्याच्या ओल्या वाळूनं बापूजीचे बूट जड झाले होते. गावाच्या शिवेवर दोघं एका रेषेत आली. पारापाशी लुगडं चार हात पुढं होतं.

गुणवंतराव पाटील शब्दाचे पक्के. त्यांनी मंडपाचे बांबू आणायला माणसं पाठवली आणि बक्षिसाचा गुलाबी फेटा उचलला.

"हरलो बाप्पा," ते म्हणाले. "लुगडं नेसो का काही नेसो, शेवटी मर्द तो मर्दच. मी उगाच बोललो. पदर काढ डोक्यावरचा, लटारू, फेटा बांधू दे."

पदर निघाला नाही. तेवढ्यात नाल्यावरच्या रेंग्या परत आल्या, मागं गर्दीत गलका झाला आणि माणसं बाजूला सरली. धोतर नेसलेला, घोट्याला हळदीचं फडकं गुंडाळलेला लटारू लंगडत पुढं आला. त्याच्या कडेवर पोचूनं भोकाड पसरलं होतं.

"बाई, घे वो याले," तो म्हणाला. "नाल्यावरचं पुरलं नाई."

रंभा पारावर पाटलांच्या शेजारी बसली, पोराला पदराआड घेतलं, आणि या खेपेला कोणी हसलं नाही.