अर्धी खुर्ची

कल्पना करा हं मुलांनो, फुटबॉलचं मैदान खच्चून भरलंय आणि एकाच खुर्चीत आजोबा अन् त्यांची नात भिंगरी दाटीवाटीनं बसलेत. अर्धी त्यांची, अर्धी तिची.

क्लबच्या दर वर्षीच्या सभेत आजोबा उठून म्हणायचे, "अहो, खुर्च्या वाढवा की! पोरगी उंच होत चाललीय, आता मावत नाही आम्ही."

"मग तिला जरा कमी जेवू घाला, आजोबा!" सगळे खो खो हसायचे.

अध्यक्ष समजूत घालायचे, "मैदान वाढवणं सोपं का आहे? एखादी खुर्ची रिकामी झाली, की पहिली तिलाच."

आजोबा गेल्यानंतरच्या सभेला भिंगरी बाबांचा हात धरून आली. आजोबांसारखीच उभी राहून म्हणाली, "खुर्च्या वाढवा की!"

या वेळी कोणीच हसलं नाही. अध्यक्षांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "आता कशाला, बाळ? आजोबांची खुर्ची रिकामी झालीय ना. तुझीच ती. ऐसपैस बस."

 

पुढच्या सामन्याला भिंगरी त्या खुर्चीपाशी गेली, आणि नेहमीसारखी कडेला सरकून अर्ध्याच खुर्चीत बसली.