अरबीची ट्यूशन

‘हो’ म्हणून हाफिजाने दार लावलं आणि एसी चालू असतानाही तिला घाम फुटला.

शेजारच्या फ्लॅटमधली आशा हात धरून विनवून गेली होती. "भाभी, दर्शना हाफ इयरलीला अरबीत फेल झाली हो. फायनलला पुन्हा गेली तर सातवीतच ठेवतील. तुम्ही तर रोज पहाटे काय सुंदर अरबी वाचता! डबा करता करता मी ऐकत असते. शिकवाल ना तिला?"

हाफिजा कुराण वाचायची सुंदरच. रत्नागिरीजवळच्या गावात, मशिदीच्या ओसरीवर शिकणाऱ्या मुलींत ती सगळ्यांच्या पुढे होती. उस्ताद मुद्दाम पाहुण्यांसमोर तिला म्हणायला लावत. गोम एवढीच होती, की अल्ला-रसूल सोडले तर त्यातल्या एकाही शब्दाचा अर्थ तिला ठाऊक नव्हता. कुणी सांगितला नाही, तिनेही विचारला नाही. लग्नानंतर दुबईत आली, पण मीना बाजारात हिंदीवर भागतं. तिची बोलायची अरबी ‘यल्ला’पासून ‘खलास’पर्यंत.

आशाला हे कसं कळणार? तिच्या लेखी वाचणं म्हणजेच येणं. शाळेचंही कालपरवापर्यंत तेच मत होतं. धडा घडाघडा म्हटला की पोरं पास. यंदा मात्र नवीन पुस्तकं आली, नवीन सर आले आणि अर्थ विचारायला लागले. नेमकं याच वर्षी हाफिजाला मास्तरीण व्हायची वेळ आली.

"सांगून टाक, येत नाही म्हणून," नवरा जहूर म्हणाला.

"आणि एवढी वर्षं ती बाई माझं वाचन ऐकते त्याचं काय? काय सांगू? की मलाच काही कळत नाही?" हाफिजाच्या डोळ्यांत पाणी आलं. जहूरने पेपर उचलला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दर्शना पुस्तक घेऊन हजर. वाचायला लागली, तशी हाफिजा जरा सावरली. हे तर तिच्या हातचं होतं. "घशातून काढ गो तो आवाज. पोटातून हवा येऊ दे. हां, आता कसं!" पोरीची अरबी आठवडाभरात गुळगुळीत झाली.

मग दर्शनाने पुस्तकावर बोट ठेवलं. "आंटी, व्हॉट डज धिस मीन?"

हाफिजाने चेहरा कडक केला. उस्ताद करायचे तसा. "मी कशाला सांगू? परीक्षा तुझी की माझी? डिक्शनरीत बघ आणि मला सांग."

युक्ती झकास चालली. दर्शना शब्द शोधायची, अर्थ सांगायची. हाफिजा डोळे मिटून "हं" म्हणायची. त्या "हं"मध्ये बरोबरही बसायचं आणि चूकही.

एकदा दर्शना म्हणाली, "बाब म्हणजे खिडकी."

"हं. शाबास."

दर्शना क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. "सॉरी आंटी, चुकलं. बाब म्हणजे दार."

"तेच म्हणते मी. नीट बघत जा," हाफिजा म्हणाली आणि चहा टाकायच्या निमित्ताने आत पळाली.

त्या दिवसापासून पोरगी फारच अभ्यासू झाली. प्रत्येक अर्थ मोठ्याने, दोन-दोनदा म्हणू लागली. नवा धडा उघडण्याआधी मागच्याची उजळणी. "आंटी, आपण दोघी मिळून म्हणू या ना, प्लीज. मला एकटीला बोअर होतं." हाफिजाला नाही म्हणवेना. मासळी साफ करता करताही तिचे ओठ हलायचे. समा, आकाश. मा, पाणी. अर्द, जमीन.

एका पहाटे ती नेहमीसारखी वाचायला बसली. वाचता वाचता अडखळली. आयुष्यात कधी अडखळली नव्हती ती. त्या ओळीत आकाश होतं. त्याच ओळीत पाणी होतं. आकाशातून पाणी उतरवलं, असं काहीतरी तिथे लिहिलं होतं आणि ती ते लहानपणापासून म्हणत आली होती.

"काय झालं?" जहूर धावत आला.

"काही नाही," ती डोळे पुसत म्हणाली. "मला कळलं."

फायनलचा निकाल लागला. दर्शना अरबीत वर्गात दुसरी आली. आशा दारातच हाफिजाच्या गळ्यात पडली, बर्फीचा अख्खा डबा तिच्या हातात कोंबला. "भाभी, सगळं तुमच्यामुळे! अख्ख्या बिल्डिंगला सांगितलंय मी. वरच्या मजल्यावरची मल्याळी बाईसुद्धा विचारत होती, तिच्या मुलाला शिकवाल का?"

हाफिजाला भरून आलं आणि लाजही वाटली. आता खरं सांगून टाकायचंच, असं तिने ठरवलं. "आशा, ऐक गो. मी काही..."

"काही बोलू नका. खूप त्रास दिला तुम्हाला. रोज संध्याकाळचा तास-दीड तास, घरचं काम सोडून. आता बास. ट्यूशन खलास!"

पकडलं जायची भीती हाफिजाला इतके महिने होती. ट्यूशन संपायची भीती तिला आत्ता, या क्षणी वाटली. पण ते कुठल्या तोंडाने सांगणार?

दर्शनाने तोवर चपला काढल्या होत्या. ती आत येऊन सोफ्यावर ऐसपैस बसली.

"नॉट खलास, मम्मी," ती म्हणाली. "आंटीचा सिलॅबस अजून अर्धा बाकी आहे."