काताकुरीची आठ वर्षं

तोकुजींनी अंगणात रानातल्या काताकुरीचं बी पेरलं. तिला जांभळं फूल यायला आठ वर्षं लागतात. पेरल्या पेरल्याच मुंग्या वाफ्यातून काहीतरी उचलून शेजारच्या हिसाएबाईंच्या कुंपणाखाली नेऊ लागल्या, तेव्हा तोकुजी कौतुकाने म्हणाले, "नेऊ दे बिचाऱ्यांना."

मग आठ वर्षं वाफ्याकडे डोळे लावून बसले. बायको म्हणे, "अहो, नुसत्या मातीला किती पाणी घालाल?"

यंदा बर्फ वितळलं आणि हिसाएबाई वाडगाभर उकडलेली, वर सोया सॉस घातलेली रानभाजी घेऊन आल्या. तोकुजींनी वाडगा चाटूनपुसून साफ केला.

"झकास. कुठली हो ही?"



"आमच्या कुंपणाखाली काताकुरी माजलीय. तुमच्यासारखा धीर आम्हाला कुठला, फुलं दिसली नि खुडली."